संक्रांतीची घरी केलेली भेटकार्डं आणि वाण: यंदा कोण काय करतंय?

सईची_आई | २८ नोव्हेंबर २०२५, २१:१४

दिवाळी सरली, फराळाचे डबे घासूनपुसून माळ्यावर गेले आणि मला संक्रांतीचे वेध लागले. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर इथे आधी बरंच बोलणं झालंय. मला बोलायचंय ते संक्रांतीच्या कार्डांबद्दल.

ऐंशी-नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना आठवत असतील. तळहाताएवढं कार्ड, वर पतंग नाहीतर हलव्याची वाटी, "तिळगूळ घ्या, गोड बोला" आणि कोपऱ्यात स्टेपल केलेली प्लॅस्टिकची इवलीशी पुडी. पुडीत रंगीत हलव्याचे मोजून पाच-सहा दाणे, तेही अर्धे फुटलेले. वर्गात वाटायची आणि बाहेरगावच्या आत्या-मावश्यांना पोस्टाने जायची. आता दुकानात ती क्वचितच दिसतात, म्हणून गेली काही वर्षं आम्ही घरीच करतो.

आमची पद्धत अगदी साधी आहे. काळी कार्डशीट, अर्धी ए-४, मधोमध दुमडलेली. दुमडण्याआधी रिकाम्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ ओढायची, म्हणजे घडी फाटत नाही आणि काळ्या रंगाला पांढरी भेग पडत नाही. वर पांढऱ्या जेल पेनाने ठिपके, काळ्या चंद्रकळा साडीवर असतात तसे. बाकी काही नाही. लेक मधूनच एखादा ठिपका लाल करते. का, ते विचारायचं नाही.

यादी मी मुद्दाम लहान ठेवते. ज्यांना आत चार ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्याशा वाटतात तेवढीच माणसं. बाकीच्यांना फोन.

मला विचारायचंय ते असं: तिळगूळ पोस्टाने कसा पाठवता? परदेशी काय करता? आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून हाताने केलेलं काही देता का? दिलंत तर घेणारीच्या घरी ते पडून राहत नाही ना?

संक्रांत १४ जानेवारीला, बुधवारी आहे. रथसप्तमी २५ला, रविवारी. म्हणजे उशिरा पोचलेल्या कार्डालाही अकरा दिवसांची सवलत आहे. दिवाळीच्या कार्डाला ही सोय नाही.

तेजू९० | २८ नोव्हेंबर २०२५, २१:४०

आई गं, ती स्टेपल केलेली पुडी! पुडी उघडताना पिन बोटात जायची. मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे.

गद्य_माणूस | २८ नोव्हेंबर २०२५, २२:०५

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण खरंच विचारतो. कार्ड येतं, चार दिवस टीव्हीपाशी उभं राहतं, मग रद्दीत जातं. आणि रद्दीत टाकताना आपणच कुणाचं तरी मन मोडतोय असं वाटत राहतं, तो ताप वेगळा. वर "तुमचं आलं, आमचं गेलं नाही" हा हिशोब. त्यापेक्षा फोन करावा, दहा मिनिटं गप्पा माराव्या.

सईची_आई | २८ नोव्हेंबर २०२५, २२:१९

@गद्य_माणूस, टाका की रद्दीत! कार्ड जपून ठेवा अशी अट कोण घालतंय? तिळगूळ कुठे जपून ठेवतो आपण?

हिशोबाचं म्हणाल तर तो मुद्दा खरा आहे. म्हणून मी आत एक ओळ लिहिते: "उत्तर म्हणून कार्ड नको, भेटलात की तिळगूळ द्या." निम्मे लोक खरंच तेवढंच करतात. उरलेल्यांना चैन पडत नाही, त्यांची कार्डं येतात. फराळाचं ताट शेजारी गेलं की ते रिकामं परत येत नाही, तसलाच प्रकार.

टपालकाका | २९ नोव्हेंबर २०२५, ०७:३२

नोकरी पोस्टात गेली, बरीचशी वर्षं सॉर्टिंगला. त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात आधी वजन. साधं पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. घरी वजनकाटा नसला तरी हिशोब करता येतो. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधा ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो. २२० जीएसएमची कार्डशीट तेवढ्याच आकाराची घेतली तर जवळपास १४ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या ए-४चं कार्ड, वर जाड पाकीट आणि त्यावर मणी-टिकल्या केल्यात की वीस ओलांडलेच. सईच्या आईंसारखं अर्ध्या ए-४मध्ये करा, कार्ड सात ग्रॅममध्ये होतं आणि पाकिटासकट आरामात बसतं. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होतं आणि जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. आत्याला गोड बोला म्हणायचं आणि तिलाच दारात सुट्टे शोधायला लावायचे, हे बरं दिसत नाही.

दुसरं, आणि हे कुणीच सांगत नाही: शिक्का बसतो तो तिकिटावर, म्हणजे पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. हाताने मारलेला शिक्का असेल तर चांगला दणका असतो. त्या कोपऱ्याखाली कार्डावर कुंदन, मणी, क्विलिंगचं (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेलं) फूल काही येऊ देऊ नका. नक्षी डाव्या खालच्या बाजूला ठेवा. क्विलिंग करणाऱ्यांनी तर तीन मिलिमीटरच्याच पट्ट्या घ्याव्यात, त्याहून उंच फूल पाकिटात चपटं होणारच.

तिसरं, तिळगूळ. साध्या पाकिटात गूळ घालू नका. गुळाला पाझर सुटतो, मुंग्या लागतात आणि तुमच्या पाकिटाच्या आजूबाजूची पत्रंही चिकट होतात. कोरडा हलवा त्यातल्या त्यात बरा, पण तोही शिक्क्याखाली आला की पीठ. खायचं काही पाठवायचंच असेल तर डबीत घालून पार्सल करा.

पाकीट गडद रंगाचं असेल तर पत्ता पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून ती चिकटवा. काळ्या पाकिटावर सोनेरी शाईने लिहिलेला पत्ता कार्यालयातल्या पिवळ्या दिव्याखाली कुणालाही वाचता येत नाही. आणि पिनकोड लिहा हो! १५ ऑगस्ट १९७२पासून तो आहे आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचं. एका राज्यात एकाच नावाची दहा गावं असतात, आकड्यांची गल्लत होत नाही.

अवांतर: पूर्वी शुभेच्छापत्रं बुकपोस्टने जायची, पाकिटाचं तोंड न चिकटवता, आत नुसतं खोचून. स्वस्त पडायचं, पण आत खासगी मजकूर लिहायचा नाही अशी अट. लोक लिहायचेच. आम्ही वाचायचो नाही, असं म्हणूया.

सईची_आई | २९ नोव्हेंबर २०२५, ०८:१०

काका, दंडवत! शिक्क्याच्या कोपऱ्याचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेजू९० | २९ नोव्हेंबर २०२५, ०८:२२

काका, सरकारी पोस्टकार्डावर चित्र काढून पाठवलं तर चालतं का? ते अजून मिळतं ना?

टपालकाका | २९ नोव्हेंबर २०२५, ०८:५१

मिळतं, ५० पैशांना. हाताने काढलेलं चित्र, हाताने लिहिलेला मजकूर, काही हरकत नाही. छापील मजकूर असेल तर मात्र ते छापील पोस्टकार्डात मोडतं, त्याला ६ रुपये. कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं आहे आणि कागद शाई पितो, म्हणून जलरंग नको. पेन्सिल, रंगीत खडू, बॉलपेन. पत्त्याच्या बाजूला नक्षी करू नका.

रेवा_न्यूजर्सी | २९ नोव्हेंबर २०२५, ०९:४७

यंदा आमच्याकडे कार्डांचं काय झालं ते सांगते. अमेरिकेने कमी किमतीच्या मालावरची जकातमाफी काढली आणि भारतातून इकडे येणारं टपाल २५ ऑगस्टपासून थांबलं. आधी म्हणाले पत्रं आणि लहान भेटवस्तू चालतील, मग तेही बंद. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन २१ला! आईने सप्टेंबरातच नातवंडांसाठी कार्डं करून ठेवली होती आणि रोज पोस्टात विचारून यायची. शेवटी ती पोचली तुळशीच्या लग्नानंतर. मुलांना त्याचं काही नव्हतं, त्यांनी दिवाळीचं कार्ड थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या चित्राशेजारी लावून टाकलं.

तेव्हा संक्रांतीसाठी भारतातून इकडे पाठवणाऱ्यांनी डिसेंबरचा दुसरा आठवडा गाठावा. नंतर नाताळचा ढीग सुरू होतो.

इकडून तिकडे पाठवणाऱ्यांसाठी: अमेरिकन टपालाचं परदेशी पत्रांसाठीचं 'ग्लोबल फॉरेव्हर' हे एक गोल तिकीट एक औंसापर्यंत चालतं, म्हणजे साधारण २८ ग्रॅम. पाकीट मात्र लांबट घ्या. चारही बाजू सारख्या असलेलं पाकीट यंत्रातून नीट जात नाही म्हणून त्याला जादा तिकीट पडतं. आत बटण, मोती असं काही टणक असलं तरी तेच. क्राफ्टच्या दुकानात नेमकी चौरस कार्डंच जास्त सुंदर असतात, हा भाग वेगळा.

आणि मुलांकडून मराठीत लिहून घ्या. आमचा थोरला "आजी, तिळगूळ घे" एवढंच लिहितो, पण त्यात ळ दोनदा काढावा लागतो आणि दोन्ही ळ दोन वेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. आजी कार्ड उघडून आधी ते बघते.

मेलबर्नकर | २९ नोव्हेंबर २०२५, १४:३०

ऑस्ट्रेलियात पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती: पाकिटात तीळ, आपट्याचं पान, वाळलेली फुलं, गवताच्या काड्या, कडधान्याची नक्षी यातलं काहीही घालू नका. इथला जैवसुरक्षेचा कारभार भयंकर कडक आहे. बिया आणि वाळलेला पाला हे त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठे शत्रू. पाकीट अडकतं, कधी नष्टही करतात. आमच्या एका नातेवाइकांनी दसऱ्याला हौसेने खऱ्या आपट्याच्या पानावर नाव लिहून पाठवलं होतं. ते सोनं सीमेवरच लुटलं गेलं.

हिरव्या कागदाचं पान कापा, मधली घडी घाला, शिरा पेन्सिलने काढा. हुबेहूब दिसतं. न्यूझीलंडलाही असंच कडक आहे.

सईची_आई | २९ नोव्हेंबर २०२५, १५:०२

मग परदेशातल्यांसाठी हे कसं वाटतं? कार्डाच्या आत कागदाचा रिकामा खिसा चिकटवायचा, वर लिहायचं "इथे तुमच्या घरचा तिळगूळ भरा आणि पहिल्या भेटणाऱ्याला द्या." म्हणजे आपण फक्त खिसा पाठवायचा.

रेवा_न्यूजर्सी | २९ नोव्हेंबर २०२५, १५:२०

हे भारी आहे! चोरणार.

दाणेदार | २९ नोव्हेंबर २०२५, २३:४८

हलव्याचा विषय निघाला आणि मी इतका वेळ गप्प होते, याची नोंद घ्यावी.

माझ्या सासूबाई हलव्याचे दागिने करायच्या, आता मी करते. विकायला नाही, घरच्या आणि मैत्रिणींच्या सुनांना पहिल्या संक्रांतीला आणि बाळांच्या बोरन्हाणाला. माझ्या लेखी संक्रांतीची खरी हस्तकला तीच. कार्ड ही तिची धाकटी बहीण.

हलवा घरी करायचा तर थंडी हवी. दमट हवेत काटा येत नाही. मुंबईकरांनो, चिडू नका, पण पुण्या-नाशिकच्या पहाटेला जो काटा येतो तो तुमच्याकडे येत नाही. साखरेचा पाक करायचा, त्यात थोडं दूध घालून मळी काढून टाकायची, म्हणजे पाक पांढरा स्वच्छ राहतो. परातीत तीळ नाहीतर खसखस घ्यायची, मंद आच ठेवायची. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. तो सुकला की दुसरा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि पाक जास्त झाला की गुळगुळीत होतात, काटे बसतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. तासन् तास तेच. बोटं भाजतात, दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ते कळतं. दागिन्यांसाठी वेगवेगळ्या मापाचा दाणा लागतो: खसखशीचा बारीक, तिळाचा मधला, साबुदाण्याचा टपोरा.

मग ओवणं. दोऱ्याच्या दोन पदरांमध्ये एकेक दाणा धरून गाठ मारत जायचं. सुईने भोक पाडायला गेलात तर दाणा फुटतो. तन्मणी, हार, बांगड्या, वाकी, बाजूबंद, कंबरपट्टा. बाळासाठी मुकुट आणि बासरी. जावईबापूंसाठी हार, गुच्छ, नारळ. हल्ली घड्याळ आणि मोबाईलही मागतात, करून देते, काय करणार. पुठ्ठ्यावर चिकटवायचे प्रकार असतात त्यात लोक सर्रास फेव्हिकॉल वापरतात. मग तो हलवा खायचा नाही हे घेणाऱ्याला सांगा, कारण बोरन्हाण झालं की पोरं मुकुटच आधी तोंडात घालतात. मी पाकानेच चिकटवते. धरायला वेळ लागतो, पण धरतो.

आता कार्डाशी संबंध. ओवताना तुटलेले, बेढब दाणे खूप उरतात. ते बटर पेपरच्या पुडीत घालून मी कार्डाबरोबर देते, पण हातात देण्याच्या कार्डांनाच. पोस्टाच्या कार्डावर मी हलवा रंगवते: जाड पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि ओला असतानाच टाचणीच्या टोकाने भोवती ओढायचं. काटे येतात. थंडीची गरज नाही, मुंबईकरांनाही जमेल.

मुंबईकर_चिडलेला | ३० नोव्हेंबर २०२५, ००:१०

एसी लावून करतो आम्ही. येतो काटा.

दाणेदार | ३० नोव्हेंबर २०२५, ००:१४

फोटो टाका, मग बोलू.

अनुराधा_क | ३० नोव्हेंबर २०२५, ११:०५

वाणाबद्दल लिहिते. हाताने केलेलं वाण मी देते, पण त्यात एक पथ्य पाळते: वस्तू वापरात यायला हवी आणि लहान हवी. खणाच्या तुकड्यांचे चष्म्याचे बटवे, भाजीच्या कापडी पिशव्या, क्रोशाचा सांडशीचा रुमाल. शोभेची वस्तू देत नाही. वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या, वाट्या, चाळण्या माझ्याकडे किती आहेत ते मलाच माहीत, आणि त्यातल्या निम्म्या मीही पुढच्या वर्षी दुसरीला लुटलेल्या आहेत. तुम्हीही लुटल्या आहेत, लाजू नका. खणाचं कापड शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यांत मिळतं, किलोवर. एका साडीच्या ब्लाउजमधून उरतं त्यात चष्म्याचा एक बटवा होतो. आत जुन्या सुती साडीचं अस्तर, म्हणजे काचेला चरे पडत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. ही इथे लिहावी की नाही असं वाटत होतं. हळदीकुंकू आमच्याकडे दरवर्षी होतं आणि नवरे गेलेल्या बायकांना कित्येक घरांत अजून बोलावत नाहीत. मी बोलावते. तरी काहीजणी स्वतःच येत नाहीत, "उगाच तुझ्याकडच्यांना चर्चेला विषय कशाला" म्हणतात. शेजारच्या काकू त्यातल्या. एका वर्षी मी त्यांच्या दारात बटवा आणि कार्ड नेऊन दिलं. आत "तिळगूळ घ्या" आणि खाली त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची चौकशी, एवढंच होतं. त्या वर्षीपासून त्या कार्डं करतात. त्यांची यादी माझ्याहून मोठी आहे आणि तिच्यात अशा बायका आहेत ज्यांना संक्रांतीला कुणीच काही देत नाही. सुरेख अक्षर आहे. तेव्हा @गद्य_माणूस, दहा मिनिटांचा फोन मलाही आवडतो, पण कार्ड हातात घेऊन कुणाच्या दारात जाता येतं.

गद्य_माणूस | ३० नोव्हेंबर २०२५, ११:४०

अनुराधाताई, पटलं. निदान हे तरी पटलं. रद्दीचा मुद्दा मागे घेत नाही.

सईची_आई | ३० नोव्हेंबर २०२५, ११:५२

अनुराधाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. काकूंना नमस्कार सांगा. आणि लोणच्याची कृती वेगळ्या धाग्यावर टाका, हुकूम आहे.

आसारी_येवला | ३० नोव्हेंबर २०२५, १३:१६

आमच्या येवल्यात संक्रांत म्हणजे पतंग. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर. हलकडी हे वाद्य वाजत असतं, खाली दुकानात गिऱ्हाईक आलं तरी कुणी उतरत नाही. कार्डबिर्ड आमच्यात नव्हतं, पण बहीण लग्न होऊन कोल्हापूरला गेली तेव्हापासून तिला मी पाकिटातून पतंग पाठवतो.

करायचा कसा: पतंगी कागदाचा वीतभर चौरस, दोन बांबूच्या काड्या. काड्या अगदी बारीक तासायच्या, खराट्याची काडी असते त्याहून पातळ. उभी सरळ आणि आडवी कमानीसारखी वाकवून बसवायची. चिकटवायला कणकेची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर झुरळं-कसर लागत नाही, पण लहान पोरं कार्ड हाताळणार असतील तर घालू नका, ते विष आहे. मोठा पतंग पाकिटात मावत नाही म्हणून कमानीची काडी वेगळी ठेवायची आणि तिच्या बाजूला लिहायचं, "इथे लाव." बहीण लावते, खिडकीच्या गजाला बांधते. एकदा भाच्याने तो खरंच उडवला होता. शेपटी लावावी लागली, पण उडाला.

नायलॉन मांजाचा तुकडा शोभेलासुद्धा घालू नका. बंदी आहे आणि पक्ष्यांचे, दुचाकीवाल्यांचे गळे कापतात. साधा पांढरा दोरा पुरतो.

पालघरची_सून | ३० नोव्हेंबर २०२५, १६:४४

जरा रागाने लिहितेय, समजून घ्या. हाताने केलेलं कार्ड म्हटलं की निम्म्या लोकांच्या कार्डावर वारली असते. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा गोल फेर, दोन झाडं, एक झोपडी, खाली "हॅपी दिवाली". माझ्या सासरगावाजवळच्या पाड्यांवर हे चित्र लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, चघळून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध चौक आणि चौकात पालघाट देवी. ते काढणाऱ्या सवाशिणी असायच्या. जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आज पाड्यावरची पोरं त्यावर पोट भरतात, चांगलंच आहे. त्यांच्याकडून कार्डं विकत घ्या की. स्वतःच्या हाताने करायचंय तर स्वतःच्या घरातलं काहीतरी काढा.

सईची_आई | ३० नोव्हेंबर २०२५, १७:१५

राग पोचला. पण मुलं शाळेत वारली शिकतात आणि आवडीने काढतात, त्यांना काय सांगायचं?

पालघरची_सून | ३० नोव्हेंबर २०२५, १७:३१

मुलांना काहीच सांगायचं नाही, त्यांना काढू दे. मोठ्यांना सांगतेय. संक्रांतीचं सुगड काढा ना! काळं किंवा लाल मडकं, गळ्याला दोरा, हळदीकुंकवाची बोटं, आत गाजर, ऊसाचं पेर, बोरं, हरभऱ्याचे घाटे. आकार इतका सोपा आहे की चित्रकलेत नापास झालेल्यालाही येईल. बोरं काढायला पेन्सिलीच्या मागचं रबर तपकिरी रंगात बुडवून ठसा मारा.

सुलभाआजी | ३० नोव्हेंबर २०२५, १९:०२

मला नातीने हे वाचून दाखवलं आणि माझ्या वतीने तीच टाइप करते आहे. कार्ड पाठवणाऱ्या सगळ्यांना एकच सांगते. अक्षर मोठं काढा. काळ्या कागदावर पांढऱ्याने बारीक लिहिलेलं सत्तरीच्या पुढे वाचता येत नाही, मग आम्ही ते हातात धरून "छान आहे हो" म्हणतो आणि आत काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारतो. मजकुरासाठी आत पांढरा कागद चिकटवा. आणि "गोड गोड बोला" सगळेच लिहितात, घरात काय चाललंय ते लिहा. कुणाला दात आले, कुणाचे पडले.

सईची_आई | ३० नोव्हेंबर २०२५, १९:२०

आजी, यंदा आत पांढरा कागद. नक्की. तुमच्या नातीला माझ्याकडून एक हलव्याचा दाणा.

मार्था_वसई | १ डिसेंबर २०२५, १०:२८

आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमची कार्डं नाताळची. तरी या धाग्यावर येण्याचा हक्क सांगते, कारण आमच्या गल्लीत दोन्ही चालतं. नाताळला आमच्याकडून शेजारी कार्ड आणि फराळ जातो, आणि त्याचं उत्तर जानेवारीत तिळगुळाच्या कार्डाने येतं. मध्ये तीन आठवडे जातात, त्यामुळे कुणाला घाईघाईत उत्तराचं कार्ड करावं लागत नाही. हिशोबाची ज्यांना भीती वाटते त्यांनी असा दुसऱ्या धर्माचा शेजारी शोधावा!

माझी कार्डं गोठ्याची असतात. खऱ्या गोठ्यासाठी आणलेलं भाताचं पेंढं उरतं, त्याच्या काड्या चिरून, इस्त्रीने सपाट करून छप्पर म्हणून चिकटवते. इस्त्री करताना वर ओला सुती कपडा, नाहीतर काडी काळी पडते. सोनेरी रंगाची गरज पडत नाही, पेंढ्याला स्वतःची चकाकी असते. मेलबर्नकरांचा प्रतिसाद वाचून आता ऑस्ट्रेलियातल्या भाच्याचं कार्ड बदलावं लागणार. त्याला ब्राऊन पेपरचं छप्पर.

शाळेतल्या पोरांसाठी भेंडीचा ठसा सांगते. आडवी कापली की आयती चांदणी. आमच्याकडे बेथलेहेमची, तुमच्याकडे चंद्रकळेवरची. भेंडी आदल्या दिवशीची, थोडी सुकलेली घ्या, ताजीला चिकट पाणी सुटतं आणि रंग पसरतो.

तेजू९० | १ डिसेंबर २०२५, १०:५५

भेंडी! आज भाजी रद्द.

मेलबर्नकर | १ डिसेंबर २०२५, ११:०२

मार्थाताई, भाच्याच्या वतीने आभार.

कोरा_कागद | १ डिसेंबर २०२५, २०:३७

कागदाबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून. पुण्यात असाल तर शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, १९४० साली सुरू झालेली. कापसाच्या चिंध्यांपासून हाताने केलेला कागद मिळतो, फुलांच्या पाकळ्या घातलेला प्रकारही असतो (पाकळ्यांचा परदेशी पाठवू नका, वर कारण आलंय). हा कागद घडी छान घेतो, पण त्यावर जेल पेन अडखळतं, तंतूंमध्ये टोक अडकतं. बोरू किंवा ब्रश पेन चांगलं चालतं. चिकटवायला पातळ गोंद नको, कागद फुगतो आणि कार्ड कायमचं वाकडं राहतं. घट्ट ग्लू स्टिक लावा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

आणि जलरंग वापरणारे असाल तर ३०० जीएसएमच्या खाली जाऊ नका. काकांच्या वजनाच्या हिशोबात मग आकार लहान करावा लागेल, पण तो करावा.

चंद्रकळा | २ डिसेंबर २०२५, ०९:१२

सईची आई, काळ्या कार्डशीटवर पांढरं जेल पेन मध्येच बंद पडतं आणि ठिपका करडा दिसतो. काय करता?

सईची_आई | २ डिसेंबर २०२५, ०९:३०

पेन उभं धरायचं, तिरकं नाही, आणि ठिपका देऊन पटकन उचलायचं नाही, क्षणभर टेकवून ठेवायचं. अडलं तर रद्दीच्या कागदावर गोल गोल फिरवा. तरीही करडा आला तर पहिला थर वाळू द्या आणि त्यावरच दुसरा द्या. मोठ्या ठिपक्यांना मी पेन वापरतच नाही, पोस्टर कलरमध्ये आगकाडीचं मागचं टोक बुडवते. गुलाची बाजू नको, ती विरघळून रंग तांबूस होतो.

चंद्रकळा | २ डिसेंबर २०२५, ०९:३४

आगकाडी झक्कास. आज रात्रीच बसते.

टपालकाका | २ डिसेंबर २०२५, ०९:५८

पोस्टर कलर पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, आतून चिकटतो. आणि अमेरिकावाल्यांची कार्डं १० तारखेच्या आत पेटीत पडू द्या.